सात नंबरच्या रेणूचं चित्र

जेवायच्या सुट्टीत पत्रव्यवहाराच्या टेबलावरचा फोन वाजला, तेव्हा तो उचलायचं पट्टीबाईंना काही कारण नव्हतं. त्यांचं काम चित्रांचं. पण फोन वाजतोय आणि कुणी ढुंकूनही बघत नाही, हे त्यांच्याच्याने बघवत नसे. बारीकशी गोष्टही जागच्या जागी लागली नाही की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. म्हणून तर त्या एवढ्या चांगल्या कामाच्या होत्या, आणि म्हणूनच पुढचं सगळं रामायण घडलं.

कचेरी एका वैज्ञानिक मासिकाची. नवे रेणू बनवायचे, ते जिवंत पेशीत सोडायचे आणि पेशी त्यांचं काय करते ते पाहायचं, असा उद्योग करणाऱ्या शास्त्रज्ञांचे लेख त्यात छापून येत. रसायनवाले म्हणायचे, हे जीवशास्त्राचं मासिक. जीवशास्त्रवाले म्हणायचे, हे रसायनाचं. तरीही आपला लेख तिथं यावा म्हणून दोघंही संपादकांच्या नाकदुऱ्या काढत. लेख आला की त्यातले रेणू मासिकाच्या एका ठरलेल्या पद्धतीनं नव्यानं काढायचे, रेघांची जाडी सारखी, कोन सारखे, हे पट्टीबाईंचं खातं. पूर्वी कागदावर काढत तेव्हा हातात सदैव पट्टी असायची. कागद गेले, पट्टी गेली, नाव राहिलं. त्यांचं खरं नाव पगाराच्या टेबलापलीकडे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

चित्रं तपासायचं कामही त्यांच्याकडेच होतं. एखाद्या शास्त्रज्ञानं फोटोत चोरून काही पुसलंय का, काही चिकटवलंय का, हे त्या अशा हुडकून काढत की भले भले प्राध्यापक त्यांच्या नावानं बोटं मोडायचे. दोघातिघांचे लेख त्यांच्यामुळे परत गेले होते. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

तर फोनवर एक संशोधक विद्यार्थी होता. आवाज दबका, जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय. त्याचं म्हणणं असं की तुमच्या मासिकातला अमुक लेख वाचून मी त्यातला सात नंबरचा रेणू बनवतोय. जवळजवळ दोन वर्षं झाली, पुन्हा पुन्हा बनवला. रेणू बनतो, स्वच्छ बनतो, पण पेशींवर टाकला की पेशी ढिम्म. लेखात तर लिहिलंय की पेशी लगेच वाढायच्या थांबतात. आमचे सर म्हणतात, तुझ्या हातालाच गुण नाही.

"मॅडम, त्या रेणूचं चित्र बरोबर आहे का, एवढंच विचारायचं होतं," तो म्हणाला.

पट्टीबाईंना हे लागलं. चित्र बरोबर आहे का म्हणजे काय? आणि विचारतो कोण, तर ज्याच्या हातून साधा छापलेला रेणू होत नाही तो.

"बरोबरच आहे," त्या म्हणाल्या. "लेखकांनी स्वतः बघून होकार दिलाय. तुम्हीच पुन्हा एकदा नीट बघा."

विद्यार्थ्यानं आभार मानले आणि फोन ठेवला. पट्टीबाईंनी डबा संपवला, हात धुतले, आणि निव्वळ आपलं खरं आहे हे स्वतःला दाखवायला म्हणून तो जुना लेख उघडला. शेजारी लेखकांनी मुळात पाठवलेलं चित्र उघडलं. आणि दोन्ही चित्रं पुन्हा पुन्हा ताडून पाहिली.

रेणू कागदावर सपाट दिसतो, पण असतो उंचसखल. त्याचा एखादा हात आपल्याकडे पुढं आलेला असतो, एखादा मागं गेलेला. पुढं आलेल्यासाठी जाड पाचर काढायची, मागं गेलेल्यासाठी तुटक रेघ. उजव्या पायाचा बूट कसाही फिरवा, उजवाच राहतो. पण आरशात पाहिलात की तो डाव्या पायाचा होतो, आणि डाव्या पायाचा बूट उजव्या पायात जात नाही. रेणूंचंही अगदी तसंच. म्हणून पट्टीबाईंनीच कधीकाळी खात्यात नियम घातला होता की चित्र फिरवायचं, पण आरशातल्यासारखं उलटं कधी करायचं नाही. नव्या माणसाला त्या पहिल्या दिवशी हेच सांगत, आणि दुसऱ्या दिवशी तेच विचारून त्याची परीक्षा घेत.

सात नंबरच्या रेणूची शेपटी मूळ चित्रात उजवीकडे होती. छापताना ती शेजारच्या रकान्यात घुसत होती. अंक छापायला जायची घाई होती, आणि चित्र आरशातल्यासारखं उलटवून शेपटी डावीकडे घ्यायला एक बटण पुरतं. पट्टीबाईंनी ते दाबलं होतं. हे त्यांना लख्ख आठवलं, कारण तेव्हा बोटं क्षणभर अडखळली होती, आणि मग 'पाचरी नंतर बदलू' असं म्हणून त्यांनी पुढचं चित्र घेतलं होतं. पाचरी बदलायच्या राहूनच गेल्या होत्या. लेखात त्या रेणूला नुसता आकडा होता, सात. त्याचा आकार कळायचा तो या चित्रावरूनच. लेखकांकडे चित्र तपासायला गेलं होतं, पण ते मोठे गृहस्थ. त्यांनी वरवर नजर फिरवून 'छान' असं कळवलं होतं.

म्हणजे तो विद्यार्थी इतके दिवस डाव्या पायाचा बूट शिवत होता. शिवत होता तोही बिचारा उत्तम.

आता सरळ माणसानं काय करावं, तर उठावं, संपादकांच्या खोलीत जावं आणि सांगावं. पुढच्या अंकात चार ओळींची दुरुस्ती छापली असती, पट्टीबाईंना दोन शब्द ऐकून घ्यावे लागले असते, आणि विषय संपला असता. पट्टीबाई उठल्याही. पण संपादकांच्या खोलीत त्या वेळी बाहेरचे पाहुणे बसले होते, आणि दारात उभं राहून थांबताना त्यांच्या मनात एक विचार आला. विचार तसा साधा होता. संकेतस्थळावरची चित्रं बदलायची मुभा कचेरीत दोघांनाच होती, आणि त्यातल्या एक त्या स्वतः.

त्या परत येऊन बसल्या. शेपटी पुन्हा उजवीकडे केली, अक्षरं जरा बारीक करून चित्र रकान्यात बसवलं, आणि जुन्याच्या जागी नवं चढवलं. लेखाची जी प्रत लोक उतरवून घेतात, तीही बदलली. छापील अंक तेवढा तसाच राहिला, पण छापील अंक आता कोण उघडतं? दुरुस्ती केल्याची ओळ त्यांनी कुठंही टाकली नाही. आपण त्याला पुन्हा नीट बघा म्हटलंय, तो पुन्हा बघेल, त्याला बरोबर चित्र दिसेल, त्याचं काम होईल, आणि कुणाच्या नावाला बट्टा लागणार नाही. पट्टीबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी घरी जाताना त्यांनी नवऱ्यासाठी मोजे घेतले आणि सासूबाईंसाठी पेरू.

पुढचे काही आठवडे बरे गेले. मधूनच तो दबका आवाज आठवायचा, पण आता त्याचं चाललं असेल झकास, असं म्हणून त्या कामाला लागायच्या. फोन काही पुन्हा आला नाही. न आलेला फोन ही चांगली खूण, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मग एका सकाळी संपादक चहाचा कप घेऊन सगळ्यांच्या टेबलांमध्ये येऊन उभे राहिले. संपादक म्हणजे सरळ गृहस्थ, पण गोष्ट सांगायला लागले की तिला मीठमसाला लावल्याशिवाय राहत नसत. कुठल्याशा सभेत त्यांना एक जुने ओळखीचे प्राध्यापक भेटले होते. त्या प्राध्यापकांनी आपणहून माफी मागितली म्हणे, की आमचा एक विद्यार्थी तुमच्या कचेरीत फोन करून उगाच त्रास देत होता. हा शहाणा कितीतरी दिवस एक रेणू उलटा बनवत होता, आणि दोष देत होता मासिकातल्या चित्राला. शेवटी प्राध्यापकांनी त्याला म्हटलं, उघड बघू ते चित्र माझ्यासमोर. सगळी प्रयोगशाळा गोळा झाली. त्यानं मोठ्या तोऱ्यात चित्र उघडलं, आणि चित्र तर चांगलं सरळ.

"आणि तो म्हणतो काय," संपादक म्हणाले, "की सर, हे चित्र असं नव्हतं. हे बदललंय."

सगळे हसले. भाषा तपासणारे गृहस्थ तर एवढे हसले की त्यांना ठसका लागला. संपादक पुढं म्हणाले की त्याच्याजवळ पुरावा काय, तर लेखाची जुनी प्रतही नाही, नुसतं स्वतःच्या हातानं काढून भिंतीला लावलेलं चित्र. प्राध्यापक म्हणाले, तूच उलटं उतरवलंस आणि वर मासिकावर आळ घेतोस? चूक एक वेळ चालेल, पण खोटं बोलणारा माणूस मला प्रयोगशाळेत नको. त्याची जागा काढून घेतली. सत्र संपलं की विद्यापीठातूनही नाव जाईल.

सगळे हसत होते तेव्हा पट्टीबाईही हसल्या होत्या. ते हसू त्यांना पुढं कधीच गिळता आलं नाही. मघाच्या चहाची चव तोंडात होती. त्या उठून प्रसाधनगृहात गेल्या आणि नळ सोडून नुसत्या उभ्या राहिल्या. पहिली चूक बोटांची होती. बोटं सगळ्यांचीच चुकतात. पण दुसऱ्यांदा जे केलं ते पूर्ण विचारानं, आणि त्या विचारानं एका खरं बोलणाऱ्या मुलाला चारचौघांत खोटारडा ठरवलं. त्याला मदत होईल अशी स्वतःची समजूत घालून त्यांनी त्याच्या पायाखालची जमीनच काढून घेतली होती.

घरी त्या जेवायला बसल्या आणि तशाच उठल्या. नवरा शर्टांच्या कारखान्यात कापड कापायचा. बोलण्यात फटकळ, पण बायकोच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही त्याला वाचता यायची. तिनं सगळं सांगितलं. रेणू वगैरे त्याला कळला नाही, पण बाकीचं नीट कळलं.

"म्हणजे शर्ट तू चुकीचा कापलास," तो म्हणाला. "गिऱ्हाईक म्हणालं, टोचतोय. तू म्हणालीस, नीट घाल. मग गुपचूप शर्ट बदललास. आता तो सगळ्यांना सांगतोय की टोचत होता, आणि लोक म्हणताहेत, तुझंच अंग वाकडं."

सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या की हिनं मुद्दाम थोडंच केलं, आणि चांगल्या चालत्या नोकरीवर पाणी कशाला सोडायचं. त्या सुनेच्या बाजूनं फारशा कधी बोलत नसत. आज बोलल्या, आणि त्यानं पट्टीबाईंना जास्तच अपराधी वाटलं. नवरा मात्र ताट घेऊन मोरीकडे गेला आणि बराच वेळ तेच ताट घासत बसला.

दुसऱ्या दिवशी संपादकांच्या खोलीत पाहुणे नव्हते. पट्टीबाईंनी दार लोटून घेतलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आधी संपादकांना वाटलं, चित्र चुकलं एवढंच आहे, आणि त्यांनी हात झटकल्यासारखा केला. पुढचं ऐकलं तसा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळूच विचारलं की काल मी ती गोष्ट सांगत होतो, तेव्हा तुम्ही तिथंच होता ना? पट्टीबाई म्हणाल्या, होय. हसत होते.

"चूक छापली असती तर मी तुमच्या पाठीशी उभा राहिलो असतो," संपादक म्हणाले. "पण हे जे तुम्ही केलंत, यासाठी आपण दुसऱ्यांचे लेख परत पाठवतो. तुम्हीच पाठवता."

संपादकांनी त्यांच्या देखतच प्राध्यापकांना फोन लावला. आवाज कोरडा होता, पण त्यांनी काही झाकलं नाही: चित्र आमचं चुकलं होतं, ते आमच्याकडून न कळवता बदललं गेलं, तुमचा विद्यार्थी खरं बोलत होता. प्राध्यापक म्हणाले की असं असेल तर येऊ दे त्याला परत, जागा अजून कुणाला दिलेली नाही. पण तो फोनच उचलत नाही. प्रयोगशाळेतल्या मुलांचेही नाही. पुढच्या अंकात दुरुस्ती छापायचं ठरलं, बदल गुपचूप केला होता हे कबूल करून. पट्टीबाईंना घरी बसायला सांगितलं. पुढचं काय ते मासिकाचं मंडळ ठरवील. त्यांनी टेबलाची किल्ली काढून दिली. मग छापील अंकांच्या कपाटातून तो जुना अंक मागून घेतला आणि प्राध्यापकांकडून मिळालेला विद्यार्थ्याचा पत्ताही घेतला. संपादक म्हणाले, तुम्ही जायची गरज नाही, मी पत्र पाठवतो. पट्टीबाई म्हणाल्या, मला जायला हवं.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. दार त्याच्या आईनं उघडलं. हडकुळी, कामात असलेली बाई. ओले हात पदराला पुसत होती. मासिकातून आलेय म्हटल्यावर तिचा चेहरा आक्रसला. ती म्हणाली की त्यानं पुन्हा फोन केला असेल तर माफ करा, मी त्याला बजावलंय, आता तो नाही करणार. पट्टीबाईंना वाटलं, इथूनच मागं फिरावं. पण तिनं आत घेतलं, खुर्ची दिली, पाणी आणलं.

विद्यार्थी आतून आला. वय तिशीच्या आतबाहेर, नवा कोरा चष्मा, दाढी वाढलेली. पट्टीबाई बोलायला लागल्या आणि पहिल्याच वाक्याला त्यानं मान वर केली. त्यानं आवाज ओळखला होता.

त्यांनी सगळं सांगितलं. बटण, फोन, त्याच दुपारी बदललेलं चित्र, आणि चहाच्या वेळचं हसणं. हसणं सांगायची काही गरज नव्हती, पण एवढं सांगितल्यावर तेवढंच मागं ठेवणं त्यांना जमलं नाही. प्राध्यापकांनी परत बोलावलंय, हेही सांगितलं. मग पिशवीतून अंक काढून ते पान त्याच्यासमोर ठेवलं.

त्यानं चष्मा काढला. पान तोंडाजवळ धरलं, लांब धरलं, पुन्हा जवळ घेतलं. शेपटी डावीकडे होती. त्यानं तिच्यावरून बोट फिरवलं.

"असंच होतं," तो म्हणाला. "मला वाटायला लागलं होतं की मला काहीतरी झालंय."

मग त्यानं विचारलं की मी फोन केला, तेव्हा उत्तर द्यायच्या आधी तुम्ही चित्र बघितलं होतं का? पट्टीबाई म्हणाल्या, नाही. त्यानं मान हलवली, जणू त्याला एवढंच हवं होतं, आणि अंक मिटून मांडीवर ठेवला. रागाचा एक शब्द तो बोलला नाही. पट्टीबाई त्या शब्दासाठी आल्या होत्या; तो ऐकला असता, सोसला असता, आणि जरा हलक्या होऊन जिना उतरल्या असत्या.

बोलली ती त्याची आई. इतका वेळ ती स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती. रेणूचं तिला काय कळलं असेल कोण जाणे, पण चित्र बदललं होतं एवढं तिला पक्कं कळलं होतं. ती पुढं आली आणि मुलाच्या मांडीवरचा अंक तिनं हातात घेतला. उघडला नाही.

"ज्या दिवशी हे झालं ना, ताई, त्या दिवशी घरी येऊन यानं मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "आई, ते चित्र कुणीतरी बदललंय. मीच म्हटलं, अरे, छापलेलं कधी बदलतं का? आपलं चुकलं तर चुकलं म्हणावं. रोज म्हणत होते. मीच याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, नंबर नावापुरता आहे, तरी मी हट्टानं चष्मा करून घेतला. मग हाही म्हणायला लागला, हो आई, माझंच चुकलं असेल."

पट्टीबाई काहीतरी म्हणायला गेल्या. दोष तुमचा नाही, असं काहीतरी. पण ते म्हणायचा अधिकार आपल्याला नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

"तुम्ही तुमच्या साहेबांना सांगितलंत, इथं येऊन याला सांगितलंत," आई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "तुमची चूक तुम्हाला सांगता तरी आली. मी याला आता काय सांगू?"

"जाऊ दे ना, आई," विद्यार्थी म्हणाला. पण हे तो दोघींपैकी कुणाकडेच न बघता म्हणाला.